मामा तलावांवरचे चतुर

ताडोबाच्या तलावाकाठी सकाळच्या फेरीतल्या गाड्या थांबतात त्या वाघासाठी. पाण्यात मगर दिसली तर दुधात साखर. नेमक्या त्याच वेळी गाडीपासून हातभर अंतरावर, गवताच्या सुकलेल्या काडीवर, लालभडक रंगाचा एक चतुर येऊन बसतो, मान गर्रकन फिरवतो, झेप घेऊन हवेतल्या हवेत एक चिलट टिपतो आणि पुन्हा त्याच काडीवर येतो. वाघाची शिकार पाहायला मिळावी म्हणून पर्यटक वर्षानुवर्षे खेटे घालतात. ही शिकार मात्र दर मिनिटाला डोळ्यांदेखत चालू असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचण्यांत चतुराच्या दर शंभर झेपांपैकी नव्वदहून अधिक यशस्वी ठरल्याचे आढळले आहे. वाघाच्या वाट्याला याच्या जवळपास जाणारेही यश येत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वाघ, साग, बांबू, कोळसा आणि अलीकडे लोहखनिज यांसाठी ओळखले जातात. पण या भागाची खरी ओळख पाणी ही आहे. वैनगंगा आणि वर्धा येथे एकत्र येऊन प्राणहिता होतात. दक्षिण टोकाला इंद्रावती आणि गोदावरी वाहतात. मध्ये इरई, अंधारी, कठाणी, खोब्रागडी, बांडिया, पर्लकोटा अशा लहानमोठ्या नद्या आहेत आणि त्यांच्या दरम्यान गावोगावी तलाव, बोड्या नि धानाच्या बांध्या आहेत. पाणी आणि जंगल यांचा असा शेजार म्हणजे चतुरांचे माहेरच. त्यांची नोंद ठेवणारी, त्यांच्यासाठी आपल्या सुट्यांचे दिवस चिखलात घालवणारी मंडळी गेल्या दोन दशकांत विदर्भात तयार झाली आहेत.

मराठीत चतुर आणि टाचणी असे दोन शब्द आहेत आणि सुदैवाने ते शास्त्रीय वर्गीकरणाशी नेमके जुळतात. दोघेही ओडोनाटा या एकाच गणातले. चतुर अंगाने दणकट असतो, त्याचे मागचे पंख पुढच्यांपेक्षा रुंद असतात आणि बसताना तो पंख विमानासारखे पसरून ठेवतो. टाचणी नावाप्रमाणेच बारीक असते. तिचे चारही पंख जवळपास सारखे असतात आणि बसल्यावर ती ते पाठीवर मिटून घेते. चतुराचे टपोरे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात, टाचणीचे डोळे मात्र दोन बाजूंना दूर, हातोड्याच्या दोन टोकांसारखे असतात. अपवाद दोन्हीकडे आहेत. पंख अर्धवट उघडे ठेवून बसणाऱ्या टाचण्या आहेत आणि डोळे विलग असलेले गॉम्फिडी कुळातले चतुरही आहेत. अपवाद नसते तर अभ्यासकांना करण्यासारखे फारसे उरले नसते.

युरोपात या कीटकाविषयी फार पूर्वीपासून भीती होती. तो सैतानाची दाभण आहे, खोटे बोलणाऱ्या मुलांचे ओठ शिवतो, असे तिकडे सांगत. आपल्याकडे त्याला चतुर म्हटले गेले, कारण तो सहजी हाती लागत नाही. तरीही तो हाती लागलाच, तर त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्याचा निर्दय खेळ गावोगावच्या मुलांनी खेळला आहे. आज पन्नाशीत असलेल्या वाचकांपैकी अनेकांना तो आठवत असेल.

ज्याला आपण चतुर म्हणून ओळखतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा, छोटासा तुकडा आहे. उरलेले सारे आयुष्य पाण्याखाली जाते. मादी पाण्यात किंवा पाणवनस्पतींच्या देठांत अंडी घालते. त्यातून निघणारी अळी मातकट, सहा पायांची आणि कमालीची खादाड असते. तिचा खालचा ओठ घडीच्या हातासारखा हनुवटीखाली दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो क्षणार्धात पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांत भक्ष्य अडकते. डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले, प्रसंगी लहान मासेही ती खाते. चतुराची अळी श्वास घेते तो गुदद्वाराच्या आतील कल्ल्यांनी, आणि धोका दिसला की तेथूनच पाण्याची पिचकारी मारून पुढे सटकते. काही जातींत ही अवस्था दीड-दोन महिन्यांत संपते, तर थंड प्रदेशांतील काही जातींत ती कित्येक वर्षे चालते. पूर्ण वाढ झालेली अळी पाण्याबाहेर एखाद्या काडीवर चढते, तिची पाठ उकलते आणि ओला, फिकट चतुर बाहेर येतो. मागे राहते ती रिकामी कात.

ही कात अभ्यासकांना चतुरापेक्षाही मोलाची वाटते, याला कारण आहे. उडणारा चतुर कोठूनही आलेला असू शकतो. दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्याच तळ्यात तो जन्मला असेल आणि येथे केवळ शिकारीला आला असेल. कात मात्र सांगते की हा जीव याच पाण्यात वाढला. एखादे तळे चतुरांना नुसते विसाव्याला चालते की तेथे त्यांची पिढी उभी राहते, याचा निर्णय कातींवरून होतो. म्हणून जाणकार मंडळी पहाटे कॅमेऱ्याबरोबर एक डबीही घेऊन फिरतात आणि लव्हाळ्यांच्या देठांवर चिकटलेल्या काती गोळा करतात.

भारतातील चतुरांच्या अभ्यासाचा पाया फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर या लष्करी डॉक्टराने घातला. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील नोकरीच्या निमित्ताने हा गृहस्थ देशभर हिंडला. रुग्ण तपासून झाले की जाळे घेऊन ओढ्यांवर जाणे, हा त्याचा नित्यक्रम होता. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील त्याचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले. आजही एखाद्या जातीविषयी वाद झाला की प्रथम फ्रेझर काय म्हणतो ते पाहिले जाते. पण फ्रेझरचे मन रमले ते सह्याद्रीत, कूर्गमध्ये आणि निलगिरीत. मध्य भारतातील सपाट, उष्ण, तळ्यांचा मुलूख त्याच्या खंडांत मानाने फार कमी येतो. पावसाळी घाटात जाती अधिक, दुर्मीळ अधिक, त्यामुळे अभ्यासकही अधिक, हे चक्र पुढेही अनेक दशके चालू राहिले.

स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे काम पुढे नेले. महाराष्ट्रातील चतुरांचा एकत्रित आढावा एम. प्रसाद यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. सामान्य हौशी माणसाला मात्र दार उघडले ते के. ए. सुब्रमणियन यांच्या पुस्तकांनी. द्वीपकल्पीय भारतातील चतुर व टाचण्यांची त्यांची मार्गदर्शिका २००५ मध्ये संगणकावर विनामूल्य उपलब्ध झाली आणि २००९ मध्ये भारतातील चतुरांवरचे त्यांचे पुस्तक ‘विज्ञान प्रसार’ने काढले. याच सुमारास डिजिटल कॅमेरे मध्यमवर्गाच्या हाती आले होते. आधी जो कीटक जाळ्यात पकडून, मारून, पेटीत टाचल्याशिवाय ओळखता येत नसे, त्याचे छायाचित्र काढून पंखांवरच्या शिरा मोजणे शक्य झाले. पक्षीनिरीक्षक दुपारी पक्षी झोपले की घरी परतत. त्यांना आता दुपारचा उद्योग मिळाला, कारण चतुर उन्हातच सर्वांत जास्त उडतात.

विदर्भात या विषयाला पद्धतशीर रूप दिले ते वर्धा जिल्ह्यातील सेलू येथे प्राध्यापक असलेले डॉ. आशिष टिपले यांनी. विदर्भातील ओडोनाटांची सूची त्यांनी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये ‘ओडोनाटॉलॉजिका’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यानंतर २०१५ मध्ये टिपले आणि पंकज कोपर्डे यांनी सगळ्या महाराष्ट्राची यादी मांडली. तीत ११ कुळांतल्या, ७० प्रजातींमध्ये विभागलेल्या १३४ जाती आहेत. संपूर्ण भारतात सुमारे पाचशे जाती आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे महाराष्ट्राचा वाटा ध्यानात येतो. कोणतीही यादी अंतिम नसते. सिंधुदुर्गातून २०१९ मध्ये सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी आणि २०२२ मध्ये आंबोलीजवळच्या चौकुळ गावाचे नाव घेऊन बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस हा चतुर शास्त्राला नव्याने ठाऊक झाला. साताऱ्याच्या ठोसेघरचे नाव २०२१ मध्ये एका टाचणीला मिळाले. एका राज्यात चार वर्षांत तीन नव्या जाती सापडतात, आणि त्या शोधांत हौशी निरीक्षकांचा मोठा हात असतो, ही गोष्ट पक्ष्यांच्या वा सस्तन प्राण्यांच्या बाबतीत आज कल्पनेतही बसत नाही.

हे शोध सगळे घाटातले आहेत. चांदा-गडचिरोलीच्या नशिबी असे नामकरण अजून आलेले नाही. तसे होण्याची वाट पाहणे मला तरी महत्त्वाचे वाटत नाही. येथील चतुरांचे महत्त्व दुर्मीळपणात नाही, ते संख्येत आणि माणसाच्या शेजारात आहे.

तलाव, बोडी, बांधी

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल हे तालुके आणि त्यांना लागून असलेला उत्तर गडचिरोली हा तलावांचा प्रदेश आहे. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचे धोरण ठेवले आणि कोहळी समाजाने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. इंग्रजी अमदानीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले आणि सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले. त्याचेच लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा-सात हजार तलाव असल्याचे सांगितले जाते. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी, तोवर हा सारा भाग चांदा जिल्ह्याचाच होता.

जुन्या मामा तलावाची घडण चतुरांच्या दृष्टीने जवळजवळ आदर्श असते. एका बाजूला मातीची पाळ, तिच्यावर जुनी झाडे, आणि समोरच्या बाजूला तळ हळूहळू चढत जाऊन जंगलात किंवा शेतात मिसळलेला. या उथळ काठावर देवधान, कमळ, लव्हाळी अशी वनस्पतींची दाटी असते. पाण्याची खोली वितीवितीने बदलते आणि दर वितीला वेगळ्या जातीची सोय होते. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या फांदीच्या टोकावर पिवळा-काळा, धिप्पाड इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्स दिवसभर पहारा देत बसलेला असतो. लव्हाळ्यांवर गुलाबी ट्रायथेमिस ऑरोरा बसतो. काठच्या गवतात पिवळीजर्द सेरियाग्रिऑन कोरोमांडेलियानम ही टाचणी असते. त्याहून खाली, ओलसर गवताच्या बुंध्याशी, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची अ‍ॅग्रिओक्नेमिस पिग्मिया असते, जी पाहायची तर गुडघे टेकावेच लागतात. पिवळ्या-काळ्या नक्षीच्या पंखांचा रायोथेमिस व्हेरिगाटा फुलपाखरासारखा तरंगत जातो आणि नवख्याला हमखास फसवतो. सूर्य मावळला की थोलिमिस टिलार्गाची पाळी सुरू होते. दिवसभर झुडपात लपलेला हा चतुर तिन्हीसांजेला पाण्यावरून येरझारा घालू लागतो आणि त्याच्या पंखांवरचे पांढुरके डाग अंधूक उजेडात लुकलुकतात.

तलावाच्या पाटातून पाणी धानाच्या बांध्यांत जाते आणि पाण्याबरोबर चतुरही जातात. आषाढात रोवणी झाली की बांध्यांत पाणी साचून राहते. ते दोन-तीन महिने टिकते आणि तेवढ्या अवधीत अनेक जातींची एक पिढी पूर्ण होते. काळ्या-पांढऱ्या पंखांचा न्यूरोथेमिस टुलिया तर धानाच्या शेताचाच रहिवासी म्हणावा असा आहे. हिरवट, काळ्या पट्ट्यांचा ऑर्थेट्रम सबिना बांधीच्या धुऱ्यावर बसून इतर चतुरांनाही पकडून खातो. धानावरच्या तुडतुड्यांचा आणि पतंगांचा फडशा ही मंडळी पाडतात, हे शेतकऱ्याला दिसते. फवारणी केली की तुडतुड्यांबरोबर तेही जातात, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

दक्षिण गडचिरोलीत, भामरागड-एटापल्लीकडे, चित्र पालटते. तेथे तळ्यांपेक्षा खडकाळ ओढे आणि सावलीतले नाले अधिक आहेत. वाहत्या पाण्याचे चतुर वेगळे असतात. त्यांच्या अळ्यांना प्राणवायूने भरलेले, निवळशंख पाणी आणि तळाशी वाळू किंवा गोटे लागतात. पंखांवर काळे पट्टे असलेली डिस्पॅरोन्यूरा क्वाड्रिमॅक्युलाटा ही टाचणी मध्य व दक्षिण भारतातील अशाच प्रवाहांवर राहते. या भागात नक्षलवादी हिंसाचारामुळे बाहेरच्या अभ्यासकाला ओढ्याकाठी एकटे रेंगाळणे अनेक वर्षे सोपे नव्हते. त्यामुळे नोंदींचा भर नेहमीच ताडोबा आणि मोठ्या रस्त्यांच्या आसपास राहिला.

या सगळ्यांत एक प्रवासी आहे, त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. मृगाच्या आसपास, पाऊस पडण्यापूर्वी किंवा पहिल्या सरींनंतर, मोकळ्या मैदानांवर आणि शेतांवर फिकट पिवळ्या चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालताना दिसतात. तो पँटाला फ्लॅव्हेसन्स. पाऊस आला की हा येतो हे सगळ्यांना माहीत होते, पावसानंतर तो जातो कोठे हे कोणी विचारले नव्हते. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला की ज्या बेटांवर गोडे पाणी जवळजवळ नाही, तेथे दर ऑक्टोबरमध्ये हजारो चतुर येतात कुठून. २००९ मध्ये त्यांनी मांडले की हे चतुर भारतातून निघून परतीच्या वाऱ्यांवर स्वार होतात आणि मालदीव, सेशेल्स करीत पूर्व आफ्रिका गाठतात. तेथील पावसात त्यांची पुढची पिढी वाढते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परतते. हा एकूण फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरांचा असून तो एक चतुर नव्हे, तर चार पिढ्या मिळून पुरा करतात, असा त्यांचा अंदाज आहे. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनच्या समस्थानिकांची तपासणी २०१२ मध्ये झाली, तेव्हा त्यांचा जन्म उत्तर भारतात किंवा त्याही पलीकडे झाला असावा असे दिसले. धानाच्या बांधीत साचलेले पाणी या जातीच्या अळीला पुरते. ती मासे नसलेल्या, तात्पुरत्या डबक्यातच सुखाने वाढते.

यादीत नाही ते पाणी

आता अडचणीकडे वळू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने डिसेंबर २०२१ मध्ये जगातील सगळ्या ज्ञात चतुर-टाचण्यांचा पहिला आढावा पूर्ण केला. ६,०१६ जाती तपासल्या गेल्या आणि त्यातील १६ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे निष्पन्न झाले. कारण जवळपास सर्वत्र एकच, गोड्या पाण्याचा ऱ्हास. मामा तलावांवर उडणाऱ्या बहुतेक जाती या धोक्याच्या यादीत नाहीत. त्या सर्वसाधारण आहेत, आणि हेच त्यांचे दुर्दैव आहे. जे सर्वसाधारण असते त्याच्यासाठी कायदा नसतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या परिशिष्टांत फार वर्षे या संपूर्ण गणातील एकच नाव होते, हिमालयातील एपिओफ्लेबिया लेडलॉई या पुरातन जातीचे. प्राणी नाही तर निदान त्याचे घर तरी सुरक्षित असावे, म्हणून पाणथळ जागांच्या नियमांकडे पाहावे तर तेथे निराळाच प्रकार. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी ‘पाणथळ’ या शब्दाची व्याख्या करताना नद्यांचे प्रवाह वगळले, भातखाचरे वगळली आणि सिंचनासाठी बांधलेले जलसाठेही वगळले. वर ज्या तीन अधिवासांचे वर्णन केले, ते तिन्ही या एका वाक्याने बाहेर पडतात. तीनशे वर्षांपूर्वी एखाद्या कोहळ्याने पाळ घातली म्हणून तलाव मानवनिर्मित ठरतो आणि मानवनिर्मित म्हणून त्याचे नैसर्गिक मोल शून्य, असा हा हिशेब आहे. अभयारण्याच्या हद्दीत जे पाणी आले ते वाचते. ताडोबाचे तळे राष्ट्रीय उद्यानामुळे १९५५ पासून सुरक्षित आहे, आणि २०१८ मध्ये घोषित झालेल्या घोडाझरी अभयारण्यामुळे त्या परिसरालाही आधार मिळाला. बाकीचे हजारो तलाव गावाच्या आणि पाटबंधारे खात्याच्या मर्जीवर आहेत.

मर्जी वाईट असते असे नाही. बरेचदा नुकसान होते ते चांगल्या हेतूने. गाळ काढणे हे तलावासाठी आवश्यकच आहे. पण जेसीबी लावून काठ उभे कापले आणि उथळ भाग खरवडून काढला की वनस्पतींची ती वितीवितीची पायरी नाहीशी होते. तलावात पाणी वाढते आणि चतुर कमी होतात. शहरालगतच्या तळ्यांवर याहून मोठे संकट येते ते सुशोभीकरणाचे. काठाला दगडी पिचिंग, वर फरसबंदी पायवाट, दिवे, मध्ये कारंजे. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना ते आवडते. अंडी घालायला देठ शोधणाऱ्या मादीला तेथे काहीच मिळत नाही, आणि पाण्याबाहेर येऊ पाहणाऱ्या अळीला उभा, गुळगुळीत दगड चढता येत नाही. चंद्रपूरच्या ऐतिहासिक रामाळा तलावासाठी २०२१ मध्ये ‘इको-प्रो’ संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण केले, तेव्हा सांडपाणी आणि अतिक्रमणाचा प्रश्न निदान चर्चेत आला. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर जो चतुर हमखास वाढतो त्याचे नावच बोलके आहे. नारिंगी पंखांच्या या जातीला ब्रॅकिथेमिस कन्टॅमिनाटा म्हणतात. एखाद्या तळ्यावर तो आणि तोच दिसू लागला, तर पाण्याची तपासणी करून घ्यायला हरकत नाही.

चंद्रपूरच्या कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्र जुने आहेत. एटापल्ली तालुक्यातील सूरजागड येथे लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून नियमित सुरू झाले. ओढ्याच्या चतुरांना विषापेक्षाही गाळ आधी मारतो. खोदलेल्या डोंगराची बारीक माती पावसात वाहून तळाच्या गोट्यांमधल्या फटी बुजवते आणि अळीच्या लपण्याच्या, शिकारीच्या जागा संपतात. अशा ओढ्यांची खाणीपूर्वीची यादी असती तर झालेला बदल दाखवता आला असता.

फवारणीच्या बाबतीत जपानचा अनुभव आपल्याला जवळचा आहे, कारण तोही धान पिकवणारा देश. तेथे लाल चतुर भातखाचरांशी इतका जोडलेला आहे की तो लोकगीतांत येतो, आणि देशाच्या एका प्राचीन नावाचा अर्थच ‘चतुरांचे बेट’ असा आहे. १९९० च्या दशकापासून तेथे हे लाल चतुर झपाट्याने कमी झाले. रोपवाटिकेतील पेट्यांत रोपांना दिल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल या कीटकनाशकांकडे संशोधकांनी बोट दाखवले. प्रायोगिक खाचरांत ही द्रव्ये वापरल्यावर चतुरांच्या अळ्या जगल्या नाहीत किंवा फार थोड्या जगल्या. ही दोन्ही नावे आपल्याकडील कृषी केंद्रांच्या फळ्यांवरही वाचायला मिळतात.

येथे डासांविषयी दोन शब्द. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा गडचिरोलीचा असतो, आणि चतुर डास खातात म्हणून चतुर वाढवा, हिवताप संपेल, असे सोपे गणित भाषणांतून मांडले जाते. त्यात तथ्य आहे, पण मोजून. म्यानमारमधील रंगून शहरात घरोघरीच्या पाण्याच्या भांड्यांत चतुराच्या अळ्या ठराविक काळाने सोडून डेंग्यूचे डास आटोक्यात आणल्याचा प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी वापरलेली जात होती क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, म्हणजे आपल्याकडे जवळपास प्रत्येक तळ्यावर दिसणारा तो लालभडक चतुर. परंतु रांजणातील डास निराळे आणि जंगलातील ओढ्यांत, धानाच्या बांध्यांत वाढणारे हिवतापाचे अ‍ॅनोफिलिस डास निराळे. तेथे चतुराची अळी अनेक शत्रूंपैकी एक असते. मच्छरदाणी आणि वेळेवर रक्ततपासणी यांची जागा ती घेऊ शकत नाही. चतुर वाचवण्यासाठी खोटा युक्तिवाद कशाला हवा?

नोंद ठेवणारे

ब्रिटनमध्ये चतुरप्रेमींची संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. तेथे जातींची संख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी, पण पोस्टमन, शिक्षक, निवृत्त कारकून अशा स्वयंसेवकांनी जमवलेल्या दहा लाखांहून अधिक नोंदींवर उभा राहिलेला नकाशासंग्रह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सिगॅस्ट्रा कर्टिसाय हा चतुर इंग्लंडातील मूर्स नदीवरून १९६३ नंतर दिसेनासा झाला आणि त्याला नदीत सोडलेले सांडपाणी कारण झाले, हे तेथे सालानिशी सांगता येते, कारण आधीच्या वर्षी तो तेथे होता हे कोणीतरी वहीत लिहून ठेवले होते. जपानमध्ये कोची प्रांतातील शिमांतो नदीकाठी १९८५ मध्ये पडीक खाचरे विकत घेऊन चतुरांसाठी उद्यान उभे केले गेले. आपल्याकडे केरळने आघाडी घेतली. तेथून २०१८ मध्ये चतुर महोत्सवाची सुरुवात झाली आणि पुढे तो इतर राज्यांत पोहोचला. ‘ओडोनाटा ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर देशभरातील निरीक्षक छायाचित्रांसह नोंदी देतात आणि जाणकार त्या तपासतात.

विदर्भातील निरीक्षकांची पद्धत साधी आहे. एक तळे निवडायचे, महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी, बहुधा सकाळी नऊ ते बारा, काठाने ठरलेले अंतर चालायचे, दोन्ही बाजूंना दिसतील त्या जाती मोजायच्या. छायाचित्र नुसते वरून घेऊन चालत नाही. छातीच्या बाजूचे पट्टे, पंखाच्या टोकाजवळचा रंगीत ठिपका आणि नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव दिसले तरच ओळख पक्की होते. जोडी, अंडी घालणे, कात यांची वेगळी नोंद करायची. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात पकडण्याची मनाई आहे, तेथे वनखात्याची लेखी परवानगी लागते. बाहेरही आता पकडण्याची गरज सहसा पडत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सर्वांत भरघोस काळ. पण मे महिन्यातील नोंद दहापट मोलाची, कारण सगळे आटलेले असताना कोणत्या डोहात पाणी आणि पाण्यात अळ्या शिल्लक आहेत, हे तेव्हाच कळते.

काही वाटा कायद्यातही आहेत. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या नोंदवह्यांत वनौषधी, मासे, पक्षी यांची पाने भरलेली असतात. कीटकांच्या पानावर मात्र बहुधा मधमाशी आणि लाखेचा किडा एवढेच असते. नागपुरात २०१२ पासून राज्य जैवविविधता मंडळ आहे. त्याच्या दारातच ही सुधारणा होऊ शकते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, आणि वनहक्क कायद्यात पाणवठ्यांवरील हक्कही येतात. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. कोणता नाला अडवायचा, कोठे गाळ काढायचा याचा निर्णय त्या स्वतः घेऊ शकतात.

शेजारच्या भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांबरोबर मामा तलावांवर जे काम केले, ते चतुरांसाठी केलेले नव्हते. बेशरमाची झुडपे उपटायची, तलावाचा काही भाग नांगरायचा आणि तेथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, असा तो कार्यक्रम होता. कोणती वनस्पती किती खोलीवर लावायची हे म्हाताऱ्या ढिवरांना ठाऊक होते आणि लावणीत बायकांचा पुढाकार होता. काही वर्षांत गावठी मासे परतले आणि पाणपक्षीही आले. ज्या उथळ, झाडोऱ्याच्या काठावर मासे अंडी घालतात, त्याच काठावर चतुरांच्या अळ्या वाढतात. लावणीपूर्वी एक वर्ष आणि लावणीनंतर तीन वर्षे अशा तलावांच्या काठाने कोणी वही घेऊन दर महिन्याला चालले, तर सेलूच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पुरेल एवढा प्रबंधाचा विषय तेथे पडून आहे. खर्च एका दुर्बिणीचा, एका कॅमेऱ्याचा आणि एसटीच्या भाड्याचा.